मासिकाच्या राष्ट्रीय निबंध स्पर्धेला पहिल्यांदाच निबंध पाठवताय? मग आधी हे वाचा

माझा पहिला निबंध परीक्षकांनी वाचलाच नाही. नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं, ‘निबंधात कुठेही स्पर्धकाचे नाव किंवा गाव येता कामा नये.’ मी पहिल्या पानावरून नाव काढलं, शेवटची सही काढली आणि निश्चिंत झाले. पण तिसऱ्या पानावर आजी मला नावानं हाक मारून ‘राजवाड्यावरून येताना भाजी आण गं’ म्हणत होती. त्या हाकेतून माझं नाव कळलं आणि राजवाड्यावरून इंदूरही कळलं. निकालानंतर धीर करून फोन केला तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी ‘तुमचा निबंध छाननीतच बाद झाला होता’ असं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी वेगळी चूक केली, ती पुढे येईल. तिसऱ्या वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एवढ्या भांडवलावर सल्ला द्यायला बसले आहे, कारण या तीन वर्षांत मी जे ठेचकाळून शिकले ते कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. वाङ्मयीन मासिकं देशभरातल्या मराठी लिहिणाऱ्यांसाठी ज्या खुल्या निबंध स्पर्धा घेतात, त्यांच्यापुरतंच हे आहे. शाळा-कॉलेजच्या स्पर्धांचं गणित वेगळं असतं.

१. स्पर्धा खरी आहे का, ते आधी बघा

व्हॉट्सॲपवर ‘राष्ट्रीय’ आणि ‘अखिल भारतीय’ हे शब्द फार स्वस्त झालेत. सुंदर पोस्टर असतं, प्रत्येकाला ई-प्रमाणपत्र असतं आणि मग हळूच कळतं की निवडक निबंधांचं पुस्तक निघणार आहे, त्याच्या पाच प्रती ‘सहभागी लेखकांनी’ विकत घ्यायच्या आहेत. अशा ठिकाणी निवड झाली नाही असं सहसा कुणाचंच होत नाही. तुम्हाला हौस असेल तर जरूर घ्या प्रती, पण ती स्पर्धा नव्हे, छपाईची वर्गणी आहे.

मासिक खरंच निघतं का, हे पाहण्याचा साधा उपाय म्हणजे त्याचा अंक हातात घ्या. मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि पत्ता अंकात छापलेला असतो. नियतकालिकांची नोंदणी दिल्लीच्या निबंधकांकडे होते. आधी ती १८६७ च्या कायद्यानं व्हायची, १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा कायदा लागू झाला. जुन्या मासिकांच्या मार्चच्या अंकात ‘फॉर्म ४, नियम ८’ अशी रुक्ष चौकट वर्षानुवर्षं छापली जात आलेली आहे. मालक कोण, प्रकाशक कोण, सगळं त्यात असतं. ती चौकट कधी कुणी वाचत नाही. मी आता वाचते.

प्रवेशशुल्क असलं म्हणजे स्पर्धा खोटी, असं मात्र नाही. छोट्या मासिकांना टपाल आणि परीक्षकांचं मानधन यासाठी पैसे लागतात. शुल्क किती, ते संस्थेच्या खात्यात जातंय की कुणाच्या खासगी मोबाइल क्रमांकावर, आणि मागच्या वर्षीचे निकाल अंकात छापले होते का, एवढं बघा.

२. नियमावली पेन्सिल घेऊन वाचा

एकदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन या गोष्टींखाली रेघ मारा: शब्दसंख्या, वयोगट, मजकूर टंकलिखित हवा की हस्तलिखित, फाइल कोणत्या प्रकारची, प्रती किती, आणि शेवटची तारीख.

त्या तारखेपाशी जरा थांबा. ‘निबंध पोहोचण्याची अंतिम तारीख’ आणि ‘पाठवण्याची अंतिम तारीख’ यांत आम्हा बाहेरगावच्यांसाठी चार-पाच दिवसांचा फरक पडतो. पुण्यातला माणूस शेवटच्या दिवशी स्कूटरवरून जाऊन पाकीट देऊन येतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर इथल्यांनी ते लाड करू नयेत. या स्पर्धांचं वेळापत्रक बऱ्याचदा दिवाळी अंकाभोवती फिरतं, म्हणजे शेवटच्या तारखा ऐन पावसाळ्यात येतात. पावसाळ्यातल्या टपालाबद्दल मी वेगळं काय सांगू!

‘अप्रकाशित’ या शब्दाखाली दोन रेघा मारा. फेसबुकवर टाकलेला, ब्लॉगवर ठेवलेला, सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत आलेला मजकूर प्रकाशित धरला जाऊ शकतो. माझ्या मैत्रिणीनं निबंध पाठवला आणि उत्साहात त्याचे दोन परिच्छेद त्याच रात्री फेसबुकच्या भिंतीवर टाकले. निकाल लागेपर्यंत तोंड आणि भिंत दोन्ही बंद ठेवा. एकच निबंध दोन स्पर्धांना पाठवण्याचा मोहही टाळा. परीक्षक मंडळी थोडीच असतात, तीच तीच माणसं दोन्हीकडे निघतात.

३. शाळेतला निबंध विसरा

या पायरीवर जास्त वेळ घालवा. छाननीत बाद होणं टाळता येतं, पण छाननीतून पार पडून परीक्षकांच्या टेबलावर जाऊन कंटाळवाणं ठरणं हे जास्त लोकांचं होतं.

आपल्या हाडात दहावीचा निबंध बसलेला असतो. सुरुवातीला सुविचार, मग ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’, मग फायदे, मग तोटे, शेवटी चार ओळींची कविता आणि ‘चला तर मग, आपण सर्व जण संकल्प करूया’. परीक्षकाच्या पुढ्यात दोनशे निबंध असतील तर त्यातले दीडशे असेच असणार. मीही तसंच लिहीत होते.

मासिकाला कोणता निबंध हवाय, हे जाहिरातीतल्या शब्दावरून ओळखा. ‘वैचारिक’ म्हटलं असेल तर तुम्ही एक बाजू घ्यायची आहे आणि ती लढवायची आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा मराठीत निबंध म्हणजे वाद घालायचं हत्यारच होतं. ‘ललित’ म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. विसाव्या शतकात फडके, खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध रुळवला, त्यात लिहिणाराचा ‘मी’ मोकळेपणानं बोलू लागला आणि चप्पल, चष्मा, खिडकी असले विषयही चालू लागले. जाहिरातीत नुसतं ‘निबंध’ असेल तर त्या मासिकाचे गेल्या वर्षीचे चार-पाच अंक मिळवून चाळा. संपादकाची चव तिथे कळते. गावातल्या मराठी ग्रंथालयात अंक मिळतात. नसतील तर मागचे अंक मासिकाकडून मागवता येतात.

आता विषयाचं. समजा विषय आहे ‘बदलते घर’. शाळेच्या सवयीनं पहिलं वाक्य येईल: ‘घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत.’ हे वाक्य खोडा. कितीही आवडलं तरी खोडा, कारण तुमच्याआधी साठ जणांनी ते लिहिलंय. मग डोळे मिटून आपल्याच घरात फिरा. मला काय दिसलं ते सांगते. आमच्या घराला सागवानी उंबरा होता. आजेसासूबाई चाकाच्या खुर्चीत आल्या आणि खुर्ची अडते म्हणून सुताराला बोलावून तो उंबरा काढला. त्या वर्षी दिवाळीत हळदकुंकू कुठे वाहायचं हा प्रश्न पडला. ज्यांच्यासाठी उंबरा काढला त्याच म्हणाल्या, ‘फरशीवर वाहा, तिला काय कळतंय.’

एवढं सापडलं की निबंध सापडला. कुटुंब, म्हातारपण, श्रद्धा, इमारतीचा बदल, सगळं त्या काढलेल्या उंबऱ्यात आहे, ते वेगळं समजावून सांगायची गरज नाही. वैचारिक निबंधातही हेच करा. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर या विषयावरच्या स्पर्धांना ऊत आलाय. तिथे ज्ञानेश्वरांपासून यादी देत बसू नका, ती परीक्षकांना पाठ आहे. तुमच्या नातीला ‘एकोणऐंशी’ म्हणजे किती हे कळतं का, तिथून सुरू करा.

दुसऱ्याच्या कवितेच्या ओळी घ्यायच्या असतील तर एक-दोनच घ्या आणि कवीचं नाव द्या. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून पुढची ६० वर्षं लेखनहक्क वारसांकडे असतात. म्हणजे १९१८ साली गेलेले बालकवी मोकळे आहेत, पण १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांची अख्खी कविता उतरवणं बरं नाही. तसंही उसन्या ओळींनी निबंधाला गुण मिळत नाहीत. त्या कवीला मिळतात.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, निबंध लिहून घेण्याबद्दल एवढंच म्हणते, की बऱ्याच ठिकाणी आता हमीपत्रात तशी अट दिसते आणि तुमच्या आजेसासूबाई यंत्राला माहीत नाहीत.

४. शब्द मोजा, पण मराठीच्या हिशेबानं

मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून येतं. ‘घरा समोर’ हे दोन शब्द चुकीचे, ‘घरासमोर’ हा एक शब्द बरोबर. तुटक लिहिण्याची सवय असेल तर संगणक जास्त शब्द दाखवतो, आणि शुद्धलेखन तपासताना सगळे जोडलेत की निबंध अचानक किमान मर्यादेच्या खाली जातो. म्हणून आधी शुद्धलेखन, मग मोजणी. हस्तलिखितासाठी दहा ओळींचे शब्द मोजून सरासरी काढा. मर्यादा २००० असेल तर १९०० वर थांबा.

५. टायपिंग आणि शुद्धलेखन (माझं दुसरं वर्ष इथे वाया गेलं)

मी निबंध हातानं लिहिला आणि गल्लीतल्या टायपिंगच्या दुकानात दिला. दुकानदार चांगला माणूस, पण आयुष्यभर हिंदी टाइप केलेलं. त्यानं ‘वेळ’चं ‘वेल’ केलं, ‘बाळ’चं ‘बाल’, ‘बँक’चं ‘बैंक’, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंबाऐवजी उभा दंड. मी दोन रात्री बसून सगळं दुरुस्त करून घेतलं आणि फाइल पाठवली. ती होती जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. तो फाँट ज्यांच्या संगणकावर नाही त्यांना पानभर रोमन अक्षरं आणि कंस दिसले. शेवटची तारीख उलटून गेल्यावर ‘फाइल उघडत नाही’ असा निरोप आला.

म्हणून नीट लक्षात ठेवा:

- मजकूर युनिकोडमध्येच हवा. मंगल, कोकिळा, मुक्ता, नोटो यांपैकी काहीही चालेल. कृतिदेव किंवा श्रीलिपीचे जुने फाँट असतील तर आधी रूपांतर करून घ्या आणि मग ओळ न ओळ वाचा, रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.
- फाइल मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवर उघडून बघा. तिथे दिसली तर सगळीकडे दिसेल.
- वर्ड फाइल मागितली असेल तर वर्डच द्या. दोन्ही चालत असतील तर पीडीएफही जोडा.
- फाइलच्या नावात स्वतःचं नाव घालू नका, तशी सूचना असेल तरच घाला. वर्डच्या फाइलच्या माहितीतही लेखक म्हणून तुमचं नाव आपोआप बसलेलं असतं, तेही बघा.

फोनवर टाइप करणार असाल तर कळफलकाची भाषा ‘मराठी’ आहे ना, याची खात्री करा. हिंदी कळफलक गुपचूप शब्द बदलतो. बोलून टाइप करणं सोपं आहे, फक्त विरामचिन्हं नंतर हातानं घालावी लागतात.

शुद्धलेखनाचे नियम घाबरण्याइतके नाहीत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे एकूण १८ आहेत. परीक्षकांच्या डोळ्यात खुपतात त्या चुका चार-पाचच. शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण ‘आणि’ व ‘नि’ ऱ्हस्व. ‘परंतु’, ‘तथापि’ हेही ऱ्हस्व. ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘वकील’ पण ‘वकिलाला’. ‘दुसर्या’ नव्हे, ‘दुसऱ्या’. आणि ‘केले’ लिहिताय की ‘केलं’, ते पहिल्या परिच्छेदात ठरवा. पात्रांच्या तोंडी ‘केलं’ असू द्या, पण निवेदनात दोन्हींची खिचडी नको.

आम्हा बृहन्महाराष्ट्रातल्यांची आणखी एक गोष्ट. आपल्या मराठीत शेजारची भाषा शिरलेली असते आणि ती आपल्याला ऐकू येत नाही. ‘मला चांगलं लागतं’, ‘ती येऊन राहिली’ ही वाक्यं माझ्या निबंधात मला दिसलीच नव्हती, नाशिकच्या वहिनींनी दाखवली. निवेदनातली काढली. आजीच्या तोंडची ठेवली, कारण आजी तशीच बोलायची, आणि परीक्षकांच्या अभिप्रायात नेमका त्याच बोलण्याचा उल्लेख आला. तेव्हा सरसकट पुसून टाकू नका.

६. सोबत काय लागतं

प्रत्येक ठिकाणी सगळं मागत नाहीत, पण एका पाकिटात हे तयार ठेवा:

- भरलेली प्रवेशिका (नाव, पत्ता, फोन फक्त इथेच)
- निबंध ‘स्वतःचा, अप्रकाशित आणि अन्यत्र न पाठवलेला’ असल्याचं सही केलेलं हमीपत्र
- वयोगट असेल तर जन्मतारखेचा पुरावा
- ओळखपत्राची छायाप्रत
- शुल्क भरल्याची पावती
- लेखक-परिचय, पाच ओळींत. ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ वगळून.

ओळखपत्र म्हणून आधार देणार असाल तर मास्क केलेलं आधार उतरवून घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. छायाप्रतीवर ‘फक्त निबंध स्पर्धेसाठी’ असं लिहून तारीख टाका. बँकेचा तपशील प्रवेशिकेबरोबर मागितला तर मी देत नाही. बक्षीस लागलं की देईन म्हणते, आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

७. पाठवताना

हस्तलिखित असेल तर फुलस्केप कागद, एकाच बाजूला, डावीकडे समास, पानांवर क्रमांक. स्टेपल नको, टाचणी किंवा क्लिप लावा, कारण परीक्षकांसाठी प्रती काढाव्या लागतात. मूळ प्रत कधीही पाठवू नका. ‘निबंध परत मिळणार नाही’ हे वाक्य प्रत्येक नियमावलीत असतं आणि तेवढं मात्र ते तंतोतंत पाळतात.

बऱ्याच जाहिरातींत अजून ‘रजिस्टर पोस्टाने पाठवावे’ असं छापून येतं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्येच स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर वाद घालत बसू नका, स्पीड पोस्टच करा. पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा, पाकीट कुठवर गेलं ते त्यावरून दिसतं. पत्ता पोस्ट बॉक्सचा असेल तर कुरिअरवाल्याकडे जाऊच नका, पोस्ट बॉक्समध्ये फक्त टपाल खातंच टाकू शकतं.

ई-मेलनं पाठवलंत तर दोन दिवसांत पोच येते. नाही आली तर एक नम्र मेल करा. रोज फोन करू नका. छोट्या मासिकाच्या कार्यालयात फोन उचलणारी, पाकिटं फोडणारी आणि मुद्रितं तपासणारी व्यक्ती बहुधा एकच असते.

जाता जाता: निबंधाआधी हात मोकळा करायचा असेल तर टपाल खात्याची ‘ढाई आखर’ ही राष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा बघा. २०१७ पासून चालू आहे, आंतरदेशीय पत्रावर ५०० शब्द किंवा पाकिटातून १००० शब्द, मराठीतही चालतं, पण मजकूर हातानंच लिहावा लागतो. एका मुद्द्यावर टिकून राहण्याचा सराव तिथे छान होतो.

८. हक्कांची ओळ

‘स्पर्धेसाठी आलेल्या सर्व निबंधांचे हक्क संयोजकांकडे राहतील.’ ही ओळ लोक वाचतच नाहीत. विजेते निबंध एकदा अंकात छापण्याचा हक्क मागणं रास्त आहे. पण हरलेल्या निबंधाचेही कायमचे हक्क? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला मालक लेखकच. हक्क हस्तांतर करायचे तर लेखी आणि सहीनिशी करावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. तेव्हा हमीपत्रावर सही करण्याआधी त्यात हक्कांबद्दल काय लिहिलंय ते वाचा, तीच तुमची लेखी संमती ठरू शकते. मी एकदा त्या ओळीत ‘पारितोषिकप्राप्त निबंध एकदा प्रकाशित करण्याचे’ एवढी दुरुस्ती हातानं करून सही केली होती. कुणी काही म्हटलं नाही. त्या वर्षी बक्षीस मात्र लागलं नाही, आणि घरातले अजून म्हणतात की त्याचाच तो परिणाम.

९. निकालानंतर

नाव नसेल तर परीक्षकांचे अभिप्राय मागा. सगळीकडे देत नाहीत, पण मागितल्यावर एका संपादकांनी मला पोस्टकार्डावर तीन ओळी पाठवल्या होत्या. त्यातली एक होती, ‘शेवटचे दीड पान नसते तर चालले असते.’ हरलेला निबंध आता तुमचाच आहे. ते दीड पान काढून दुसऱ्या मासिकाला लेख म्हणून पाठवा. मी तेच केलं आणि तो छापून आला.

नाव असेल तर अंकाच्या दोन प्रती मागून घ्या, आणि बक्षीस धनादेशानं आलं तर ताबडतोब बँकेत भरा. धनादेश तारखेपासून तीनच महिने चालतो. माझा ५०१ रुपयांचा धनादेश सासूबाईंनी कौतुकानं देव्हाऱ्यात ठेवला, दसऱ्याला त्यावर सोनं वाहिलं, दिवाळीत हळदकुंकू. मी बँकेत गेले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. मासिकानं बिचाऱ्यांनी दुसरा पाठवला. पहिला अजून देव्हाऱ्यातच आहे.